भाड्याने चालणारे ट्रॅक्टर-ट्रॉली व त्यांचा विमा

ट्रॅक्टर हे यंत्र आता केवळ शेताच्या बांधाआड राहिलेले नाही. नांगरणी-पेरणीचा हंगाम सरला की तेच ट्रॅक्टर मागे दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याचा ऊस ओढते, वीटभट्टीस माती नेते, घरबांधणीसाठी वाळू-खडी आणते, शेजाऱ्याचा कांदा बाजारात पोचविते. बँकेच्या कर्जाचा हप्ता फेडण्यास हे भाडे उपयोगी पडते व त्यात गैर असे काही नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ट्रॅक्टर भाडे मिळवू लागले की ते नुसते शेतीचे अवजार राहत नाही. ते धंद्याचे वाहन होते. शेतीच्या कामासाठी घेतलेला विमा त्या धंद्यास पुरत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीवर रात्रीच्या वेळी एक मोटारसायकलस्वार मागून आदळून दगावला. दुसऱ्याचा ऊस भाड्याने कारखान्यावर उतरवून ट्रॉली परत येत होती. मागे तांबडा दिवा नव्हता व परावर्तक पट्टी चिखलाने झाकलेली होती. शेतकरी मला भेटला तेव्हा त्याच्या हाती विम्याचा कागद होता. "साहेब, हप्ता वेळेवर भरला आहे," असे तो म्हणाला. हप्ता खरोखरच वेळेवर भरलेला होता. परंतु कागदावर वाहनाचा वापर "केवळ शेतीच्या कामासाठी" असा नमूद होता आणि ट्रॉलीचा त्यात उल्लेखच नव्हता. त्याच्या ट्रॅक्टरच्या अनुदानाचे प्रकरण मीच तपासले होते. यंत्राची अश्वशक्ती पाहिली, पावत्या पाहिल्या. विम्याच्या अटी मात्र मी त्या दिवशी प्रथमच वाचल्या. तो दावा अद्याप चालू आहे. इतरांवर तो प्रसंग येऊ नये, एवढ्यासाठीच या विषयाची माहिती येथे देत आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १४६ अन्वये सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा निदान तिऱ्हाईताच्या जबाबदारीपुरता विमा असलाच पाहिजे. यालाच आपण बोलीत थर्ड पार्टी विमा म्हणतो. तिऱ्हाईत म्हणजे विमा घेणारा मालक व विमा देणारी कंपनी यांच्याखेरीज तिसरी व्यक्ती. उदाहरणार्थ, रस्त्याने जाणारा पादचारी किंवा समोरून येणारा सायकलस्वार. हा विमा मालकाचे यंत्र वाचविण्यासाठी नसून, त्या यंत्रामुळे ज्याचा घात होतो त्याच्या कुटुंबास भरपाई मिळावी, यासाठी आहे.

विम्याशिवाय वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यास ४,००० रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे. पुष्कळ शेतकरी हा दंड व विम्याचा हप्ता यांची तुलना करतात. ती तुलनाच चुकीची आहे. हप्त्याची तुलना दंडाशी नव्हे, तर भरपाईच्या रकमेशी करावयास हवी.

भरपाई किती होते

ही रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरविते. ती ठरविण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ मधील निर्णयांनी घालून दिली आहे. उदाहरण घेऊ. ३० वर्षे वयाचा, दरमहा १२,००० रुपये मिळविणारा, स्वतःचा लहान धंदा करणारा इसम अपघातात दगावला. त्याच्यामागे पत्नी व दोन मुले आहेत.

वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये. पुढे होऊ शकणाऱ्या वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळविले की २,०१,६०० रुपये होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी यातून एक तृतीयांश वजा केल्यास १,३४,४०० रुपये उरतात. ३० वर्षे वयासाठी गुणक १७ आहे. गुणाकार केला की २२,८४,८०० रुपये होतात. याशिवाय अंत्यविधी, कुटुंबाने गमावलेला सहवास इत्यादींच्या रकमा व व्याज निराळे. मृताची स्वतःची काही चूक सिद्ध झाली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते, हे खरे. परंतु दिवा नसलेल्या ट्रॉलीच्या मालकाने त्या आशेवर विसंबून राहू नये.

ही रक्कम विमा कंपनीने द्यावयाची की मालकाने, हा प्रश्न कागदावरील एका ओळीवर ठरू शकतो.

कागद व काम यांचा मेळ

शेतीचे ट्रॅक्टर ही शेतकऱ्याच्या स्वतःच्या कामासाठी असलेली वस्तू होय, असे धरून त्याची नोंदणी, कर व हप्ता ठरतो. स्वतःच्या शेतातील माल स्वतःच्या ट्रॉलीतून बाजारात नेणे हे शेतीचेच काम आहे. परंतु दुसऱ्याचा माल मोबदला घेऊन वाहिला की ती मालवाहतूक झाली. भाड्याच्या वाहतुकीस परवाना नसलेले वाहन भाड्याने चालविल्यास, ती विम्याच्या अटीचा भंग म्हणून कंपनीस आपली जबाबदारी नाकारण्याचे कारण मिळते.

२००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेला मजूर जायबंदी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामापुरताच होता. कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने ठरविले. तथापि आपल्या विशेष अधिकारात न्यायालयाने असा आदेश दिला की, कंपनीने मजुरास आधी रक्कम द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी.

"आधी द्या, मग वसूल करा" असा आदेश झाल्यास जखमीचे दुःख काहीसे हलके होते. मालकाचे ओझे मात्र तसेच राहते. निवाड्याची रक्कम न भरल्यास कलम १७४ अन्वये न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवू शकते व ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. ट्रॅक्टरच्या भाड्यातून मिळविलेले चार पैसे तर जातातच, परंतु वाडवडिलांची जमीनही संकटात येते.

ट्रॉली व तीवर बसणारी माणसे

कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हेही मोटार वाहनच आहे. म्हणून तिची नोंदणी वेगळी व्हावी लागते, आणि विम्याच्या कागदावर तिचा क्रमांक येऊन तिच्यापोटी हप्ता भरलेला असावा लागतो. गावच्या कारखान्यात बनवून घेतलेली, क्रमांक नसलेली ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरचा चांगला विमाही दुबळा होतो.

ट्रॅक्टरवर आसन असते ते फक्त चालकाचे. चाकावरील पत्र्यावर किंवा उसाच्या मोळ्यांवर माणसे बसविणे हे जिवाला जितके घातक, तितकेच विम्यालाही बाधक आहे. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या उतारूंच्या बाबतीत विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू किंवा ऊसतोडणीची टोळी यांना ट्रॉलीतून नेणाऱ्याने हे विसरू नये.

पिकअपसारख्या लहान वाहनातून दूध किंवा भाजीपाला वाहणाऱ्यांचाही एक गैरसमज आढळतो. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास परवान्यातून सूट आहे, ही गोष्ट खरी. परंतु ती सूट परवान्याची आहे, विम्याची नव्हे. त्या वाहनासही मालवाहू वाहनाचाच विमा हवा.

विम्याचे प्रकार

केवळ जबाबदारीचा विमा घेतल्यास तिऱ्हाईताची भरपाई मिळते. आपले ट्रॅक्टर उलटले, जळाले वा चोरीस गेले तर काहीही मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा घ्यावा लागतो. कर्जावर घेतलेल्या यंत्रास तो घेणेच शहाणपणाचे, कारण यंत्र नष्ट झाले तरी कर्ज उरतेच. मालवाहू वाहनांच्या सर्वसमावेशक विम्यातही दिवे, टायर, मडगार्ड, बंपर व रंग यांचे नुकसान पुष्कळदा वगळलेले असते. जादा हप्ता भरून ते सामील करून घेता येते. मालक स्वतः वाहन चालवीत असल्यास त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो. पगारी चालक व हमाल यांची जबाबदारी नोंदविली आहे किंवा कसे, हेही पाहावे.

तिऱ्हाईत जबाबदारीचा मूळ हप्ता केंद्र शासन ठरविते. यास्तव "अमुक ठिकाणी तो निम्म्या दरात मिळतो" असे कोणी सांगितल्यास तो कागद खोटा असण्याचा संभव आहे, असे समजावे. पीक विम्याचा वाहनाशी काही संबंध नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना ही शेतकरी कुटुंबास मदत करते. आपल्या वाहनाखाली सापडलेल्या तिऱ्हाईताची देणी ती फेडीत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. विम्याचा कागद काढून "वापराची मर्यादा" ही ओळ वाचावी किंवा वाचवून घ्यावी.

२. ट्रॅक्टर भाड्याने चालवावयाचे असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात मालवाहतुकीची नोंद करून घ्यावी, तसे विमा कंपनीस लेखी कळवावे व फरकाचा हप्ता भरावा. ऊस वाहतुकीचा करार करण्यापूर्वीच हे काम उरकावे.

३. प्रत्येक ट्रॉलीचा क्रमांक कागदावर आला आहे, याची खात्री करावी.

४. हप्ता कंपनीस पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. धनादेश न वटल्यास विमाही टिकत नाही. गाळप हंगामाच्या मध्यास मुदत संपत असल्यास ती तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

५. जुने ट्रॅक्टर विकत घेतल्यास १४ दिवसांच्या आत विम्यावर आपले नाव लावण्यासाठी अर्ज करावा. विकणाऱ्यानेही नोंदणीतील आपले नाव काढून घ्यावे. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे.

६. चालकाचा अनुज्ञाप्तिपत्र म्हणजे लायसेन्स, वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र, मागील तांबडा दिवा व परावर्तक पट्ट्या यांची तपासणी हंगामापूर्वी करावी. विमा भरपाई देतो. गेलेला जीव परत देत नाही.

अपघात घडल्यास

प्रथम जखमीस दवाखान्यात पोचवावे. पोलिसांस व विमा कंपनीस विनाविलंब कळवावे. गावात बसून परस्पर तडजोड करू नये व वाहन जागचे हलवून पुरावा नष्ट करू नये. अपघातग्रस्त कुटुंबासही सांगावे की, दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. कोणाची चूक हे सिद्ध न करताही कलम १६४ अन्वये मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर इजेबद्दल २.५ लाख रुपये मागता येतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

यंत्राच्या अनुदानाचे कागद तपासताना आपण विम्याचाही कागद मागून घ्यावा व शेतकऱ्यास एकच प्रश्न विचारावा : "हे ट्रॅक्टर दुसऱ्याच्या कामास भाड्याने जाणार काय?" उत्तर होकारार्थी असेल तर वरील सहा गोष्टी त्यास समजावून द्याव्यात. गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत हा विषय एकदा काढावा. या कामास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. मी तो वेळ एका प्रसंगी दिला नाही, याची रुखरुख मला आजही आहे.