पॅप स्मिअरच्या रिपोर्टमध्ये दोष म्हणजे कर्करोग नव्हे

चिंचवडच्या एखाद्या वसाहतीत महिलांसाठी आरोग्य शिबिर भरते. शेजारणीच्या आग्रहाखातर चाळिशीची एक गृहिणी तपासणी करून घेते. तिला त्रास काहीच नसतो. काही दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आणि शेवटी ‘एच.पी.व्ही. पॉझिटिव्ह’. हा शब्द वाचताच तिच्या पायांतले बळ जाते. आपल्याला कर्करोग झाला, असे ती धरून चालते. रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याला सांगावे की नाही, तेही कळत नाही. शेवटी रिपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो. खरा धोका आहे तो तिथे!

रिपोर्टमध्ये काय असते?

गर्भाशयाचा योनीमार्गात उघडणारा खालचा भाग म्हणजे गर्भाशयमुख. पॅप स्मिअर तपासणीत तेथील पेशी ब्रशने अलगद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भूल द्यावी लागत नाही आणि काम काही मिनिटांत होते.

रिपोर्टवर ‘इन्फ्लमेटरी’ लिहिले असेल, तर त्याचा अर्थ सूज किंवा दाह. तो बहुधा साध्या जंतुसंसर्गामुळे असतो. ‘ए.एस.सी.-यू.एस.’ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण निश्चित काही सांगता येत नाही. ‘एल.एस.आय.एल.’ म्हणजे सौम्य बदल. असे बदल पुष्कळदा आपोआप नाहीसे होतात. ‘एच.एस.आय.एल.’ म्हणजे तीव्र बदल. हाही बहुतेक वेळा कर्करोग नसतो, तर कर्करोगपूर्व अवस्था असते. मात्र येथे चालढकल करू नये.

विषाणू आणि संशय

हे बदल घडवणारा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, अर्थात एच.पी.व्ही. त्याचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी असलेला संबंध शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात.

हा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो. त्यामुळे रिपोर्ट येताच घरात संशयाचे भूत शिरते. परंतु वैवाहिक जीवनात केव्हा ना केव्हा हा संसर्ग बहुतेकांना होऊन जातो. पुरुषात सहसा लक्षणे दिसत नाहीत. विषाणू कित्येक वर्षे शरीरात दबून राहू शकतो. तो कोणाकडून आणि कधी आला, हे रिपोर्टवरून सांगता येत नाही. तेव्हा नवऱ्याला किंवा बायकोला दोष देण्यात अर्थ नाही.

बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत प्रतिकारशक्तीच नाहीसा करते. थोड्याजणींमध्ये तो ठाण मांडून बसतो. त्यानंतरही कर्करोग होण्यास साधारणपणे दहा-पंधरा वर्षे लागतात. एच.आय.व्ही.ची लागण असल्यास हा काळ कमी होतो. म्हणजेच निसर्गाने आपल्याला भरपूर मुदत दिली आहे. ती वाया घालवू नये, एवढेच.

उस्मानाबादचा धडा

या मुदतीचा उपयोग होतो, हे आपल्याच राज्यातील खेड्यांनी जगाला दाखवले. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एच.पी.व्ही. चाचणीच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, थोड्या लहान गटात ६४. आयुष्यातील एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण हे केवळ रिपोर्टमुळे घडले नाही. दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढील तपासणी आणि उपचार झाले, म्हणून घडले.

पुढे काय करावे?

रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. सौम्य बदलात काही काळाने पुन्हा तपासणी पुरेशी ठरू शकते. बदल तीव्र असतील किंवा १६-१८ प्रकारचा विषाणू सापडला, तर कॉल्पोस्कोपी करतात. तीत गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून दुर्बिणीतून पाहतात. संशयास्पद जागेचा लहानसा तुकडा घेऊन तपासतात. कर्करोगपूर्व अवस्था आढळल्यास तेवढाच भाग गोठवून, उष्णतेने किंवा तारेच्या लूपने काढता येतो. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते.

येथे एक इशारा. केवळ पॅप स्मिअर बिघडला म्हणून ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो विसरू नये. शहरातील भगिनींना पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात चौकशी करता येईल.

संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, अशी लक्षणे असल्यास जुना रिपोर्ट चांगला असला तरी डॉक्टरांना दाखवावे.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस जानेवारी २०२३ मध्ये आणली. ९ ते १४ हे वय तिच्यासाठी उत्तम. लस झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून तपासणी चुकवू नये. तिशीनंतर पॅप स्मिअर दर तीन वर्षांनी किंवा एच.पी.व्ही. चाचणी दर पाच वर्षांनी करावी.

कंपनीत एक खाडा पडेल, एका दिवसाचा स्वयंपाक उशिरा होईल. त्या बदल्यात पुढची अनेक वर्षे निर्धास्त जातील. कपाटातला तो कागद आजच बाहेर काढा.