समुद्राचे नकाशे बनतात डेहराडूनला!

भारताचा नकाशा समोर घ्या आणि डेहराडून शोधा. सापडलं? हिमालयाच्या पायथ्याशी आहे, समुद्रापासून कितीतरी दूर. तरीही भारताचे सगळे अधिकृत सागरी नकाशे याच शहरात तयार होतात. हे काम करणाऱ्या संस्थेचं नाव नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस, म्हणजेच राष्ट्रीय जलालेखन कार्यालय.

सागरी नकाशात असतं काय?

आपल्या भूगोलाच्या पुस्तकात समुद्र नुसता निळा रंगवलेला असतो. जहाजाच्या कप्तानाला तेवढ्यावर भागत नाही. त्याला पाण्याखालचं हवं असतं: कुठे किती खोली आहे, खडक कुठे, गाळ कुठे, बुडालेलं जहाज कुठे. म्हणून सागरी नकाशावर जागोजागी खोलीचे आकडे छापलेले असतात. हे आकडे मोठ्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात, कारण पाणी सर्वांत कमी असतानाच जहाजाचा तळ लागण्याची भीती जास्त.

पूर्वी खोली मोजायला दोरीला शिशाचं वजन बांधून ते पाण्यात सोडायचे. आता ध्वनी वापरतात. आवाज समुद्राच्या पाण्यात सेकंदाला साधारण 1500 मीटर वेगाने जातो. समजा, जहाजातून सोडलेला आवाज तळाला आपटून 0.2 सेकंदांत परत आला. म्हणजे त्याने 300 मीटर अंतर कापलं. हे जाऊन-येऊन झालं, तेव्हा खोली किती? बरोबर, 150 मीटर!

मोजणी थांबली आणि...

आता थोडा इतिहास बघू. ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार मुंबईत होतं. आधी त्याला बॉम्बे मरीन म्हणत, 1830 पासून इंडियन नेव्ही. या आरमारातले अधिकारी किनाऱ्यांची मोजणी करत असत. 1863 मध्ये सरकारने हे आरमारच बंद केलं आणि त्याच्याबरोबर मोजणीही बंद पडली. जहाजं मात्र वाढतच होती. नद्या गाळ आणत होत्या, वाळूचे दांडे सरकत होते आणि कप्तानांच्या हातात जुनेच नकाशे होते.

शेवटी 1874 मध्ये कोलकात्याला मरीन सर्व्हे डिपार्टमेंट सुरू झालं. त्याचे प्रमुख होते आल्फ्रेड डंडास टेलर. ते त्याच बंद पडलेल्या आरमारातले अनुभवी मोजणी अधिकारी. मोडलेलं काम पुन्हा उभं करायला ते काम जाणणारा माणूसच लागला, हे लक्षात ठेवा.

स्वातंत्र्यानंतर हा विभाग भारतीय नौदलाच्या हाती आला. 1954 मध्ये कार्यालय डेहराडूनला आलं. सर्व्हे ऑफ इंडियामुळे हे शहर आधीपासूनच नकाशांचं गाव. मोजणी समुद्रावर होते, पण आकडे तपासून नकाशा तयार करण्याचं काम कुठेही बसून करता येतं. 1955 मध्ये भारत आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेचा सदस्य झाला आणि 1997 मध्ये कार्यालयाला आजचं नाव मिळालं.

याच्या प्रमुखाला भारत सरकारचे मुख्य जलालेखक म्हणतात. ते नौदलातले ज्येष्ठ अधिकारी असतात. या कामाचं शिक्षण देणारी संस्था तर आपल्या शेजारीच आहे, गोव्यात वास्कोला. तिथे परदेशांतले अधिकारीही शिकायला येतात. मोजणीसाठी नौदलाची खास जहाजं आहेत. त्यांतलं नवं ‘संधायक’ फेब्रुवारी 2024 मध्ये विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालं.

नकाशा कधीच पुरा होत नाही

ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रावरचे दोनशेहून जास्त कंटेनर पाण्यात पडले. काही तरंगले, काही बुडाले. आदल्या दिवशीपर्यंत जो जलमार्ग सुरक्षित होता, त्यात आता लोखंडी खोके कुठे पडलेत ते कुणालाच सांगता येईना. बंदराची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. पाण्याखाली शोध घेतल्यावरच जहाजं पुन्हा हलली. नकाशा तोच होता, पण समुद्र बदलला होता!

म्हणूनच जलालेखन कार्यालय नकाशा छापून मोकळं होत नाही. नवा अडथळा सापडला, दिवा बदलला, खोली कमी झाली की खलाशांसाठी सूचना काढावी लागते आणि जहाजावरच्या नकाशात ती दुरुस्ती करून घ्यावी लागते. आपल्या घरातलं परदेशी तेल, खत, यंत्रं बहुतेक समुद्रावरूनच येतात. ती सुखरूप पोचतात, त्यामागे या न दिसणाऱ्या माणसांची मोजणी आहे.

21 जून म्हटलं की आपल्याला योग दिन आठवतो. तोच दिवस जागतिक जलालेखन दिनही आहे. पुढच्या 21 जूनला शाळेत हेही सांगाल ना?

करून पहा: आवाज 0.06 सेकंदांत परत आला, तर समुद्राची खोली किती? आणि ज्या जहाजाचा तळ पाण्याखाली 14 मीटर आहे, ते तिथून जाऊ शकेल का?