फरशी, मोरी की पूल?

संपादकांचा निरोप मोघम होता. जगभरचे हौशी लोक मिळून एक फुकट नकाशा काढतात, त्यांच्या तक्रारी ऐकून नकाशा काढण्याचे साधन सुधारत जाते म्हणे, त्यावर लिहा. लिहायचे होते माणसांवर, पण मी अडकलो एका पिवळ्या त्रिकोणात.

ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशा संपादित करण्यासाठी ब्राउझरमध्येच चालणारे ‘आयडी’ नावाचे साधन आहे. त्यात पारनेर तालुक्याचा कुठलाही तुकडा उघडावा. खाली उपग्रहाचे चित्र दिसते. त्यावर रस्त्याची रेघ ओढावी, मग ओढ्याची. दोन रेघा एकमेकींना छेदल्या की हा त्रिकोण उगवतो. त्याचे म्हणणे असे, की रस्ता आणि पाणी एकाच जागी, एकाच पातळीवर असू शकत नाहीत, तेव्हा काय ते सांगा. वर पूल आहे? खालून नळ काढलाय? की रस्ताच पाण्यात उतरतो?

प्रश्न रास्त आहे. पारनेरात मात्र त्याचे उत्तर सोपे नाही.

तालुका पर्जन्यछायेतला. कान्हूर पठारावरून उतरणारे ओढे वर्षातला बहुतेक काळ कोरडे ठाक असतात. अशा ओढ्यावर कमानीचा पूल बांधायला कोण पैसे घालणार? मग फरशी घालतात. पात्राच्या तळाशी सिमेंट-काँक्रीटचा सपाट थर, त्याच्या पोटात कधी दोन-चार नळ, कधी तेही नाहीत. पाणी कमी असले तर नळातून जाते, वाढले की फरशीवरून. वरच्या अंगाला जोरात पाऊस झाला की लोंढा येतो, दोन्ही काठांना मोटारसायकली थांबतात, दुधाचे कॅन खोळंबतात, आणि एसटीचा चालक खाली उतरून पाण्याचा अंदाज घेतो. दोन तासांत सगळे पुन्हा कोरडे.

ही फरशी पूल आहे, नळाची मोरी आहे, की पाण्यातली वाट? ऑक्टोबरात विचाराल तर एक उत्तर मिळेल, ऑगस्टच्या एखाद्या संध्याकाळी दुसरे. त्यात उपग्रहाची चित्रे निवडली जातात ती ढग नसलेल्या दिवसांतली, म्हणजे आपल्याकडे कोरड्या ऋतूतली. चित्रातला ओढा पांढुरक्या वाळूचा पट्टा असतो आणि रस्ता त्यावरून सरळ गेलेला दिसतो. परगावात बसून रेघ ओढणाऱ्याला यापलीकडे काही कळायचा मार्ग नाही.

साधनाचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केले, कारण ब्रिटनच्या सरकारी नकाशांची माहिती विकत घ्यावी लागे. सुरुवातीला संपादनासाठी जाव्हावर चालणारे ‘जोसम’ होते, मग रिचर्ड फेअरहर्स्ट यांचे फ्लॅशवर चालणारे ‘पॉटलॅच’ आले. पहिले नवख्याला पेलत नसे, आणि फ्लॅशचे दिवस भरत आले होते. ‘आयडी’ची पहिली मांडणी फेअरहर्स्ट यांचीच. पुढे अमेरिकेतल्या नाइट फाउंडेशनने २०१२ मध्ये मॅपबॉक्स कंपनीला ५ लाख ७५ हजार डॉलर दिले, त्यातून ते वाढले आणि मे २०१३ मध्ये संकेतस्थळावर आले. तेव्हापासून नवा माणूस नकाशाला हात लावतो तो बहुतेक वेळा याच साधनातून.

त्यातल्या अनेक सोयींच्या मागे कुणाच्या तरी हातून झालेला घोटाळा आणि त्यावर कुणीतरी केलेली कुरकुर असावी, असे वापरताना जाणवत राहते. एखादा लांबलचक रस्ता किंवा मोठे जंगल पडद्यावर पुरेसे दिसत नसेल तर आयडी ते पुसू देत नाही, हलवूही देत नाही. इमारतीला नाव म्हणून कुणी नुसतेच ‘शाळा’ लिहिले, तर हे नाव आहे की वर्णन, असे विचारते. २०१७ मध्ये जतन करण्याच्या पानावर एक छोटी चौकट आली: माझे काम कुणीतरी तपासावे. नवख्याला आपण काही बिघडवून ठेवले की काय ही धास्ती असते, आणि जुन्यांना नवख्यांनी काय करून ठेवलेय ही. एका चौकटीने दोघांची सोय झाली. मला ती या साधनातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते.

काही तक्रारींना मात्र वर्षे लागली. देवनागरी नावांचे घ्या. नकाशाचे चित्र तयार करणाऱ्या ‘मॅपनिक’ या प्रणालीला पूर्वी भारतीय लिप्यांची जुळणी येत नसे. पिंपळनेर म्हणजे संत निळोबारायांचे गाव, याच तालुक्यातले. त्याची पहिली वेलांटी प च्या मागे जाऊन बसायची. टाकळी ढोकेश्वरमधला श्व फुटून त्याचे तुकडे व्हायचे. माहितीसाठ्यात नाव बिनचूक, नकाशावर मात्र विद्रूप. हे दुखणे हिंदी, बंगाली, तमिळ अशा सगळ्यांचेच होते. २०१५ मध्ये आलेल्या मॅपनिकच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘हार्फबझ’ हे अक्षरजुळणीचे यंत्र बसवले, तेव्हा वेलांट्या जागेवर आल्या.

त्रिकोणाकडे परत येतो. २०१९ मध्ये आयडीत चुका शोधणारी मोठी यंत्रणा आली, छेदणाऱ्या रेघांची तपासणी हा तिचाच भाग. नुसता इशारा देऊन ती थांबत नाही, इलाजाची बटणेही पुढे करते. ‘पूल घाला’ दाबले की साधन रस्त्याची रेघ दोन ठिकाणी तोडते, मधल्या तुकड्याला पूल म्हणते आणि त्याला वरच्या थरात ठेवते. या तुकड्याची लांबी छेदाच्या रुंदीवरून ते स्वतःच काढते आणि ४ ते ४० मीटरांच्या मर्यादेत बसवते. ओढा बोगद्यात घालायचे ठरवले तर आपसूक ‘मोरी’ अशी नोंद होते आणि ओढा खालच्या थरात जातो. तिसऱ्या बटणाने छेदाच्या जागी एक सामाईक बिंदू तयार होतो आणि त्याला पाण्यातली वाट असा शिक्का बसतो. दोन सेकंदांचे काम. करून पाहताना मजा येते हे कबूल करायला हवे. रेघ तुटते, जुळते, त्रिकोण नाहीसा होतो, आणि आपण काहीतरी नीट लावले असे समाधान मिळते.

समाधानाचा धोका तोच. कुठले तरी बटण दाबले की त्रिकोण जातो. खरे बटण दाबले की खोटे, हे त्याला कळत नाही. नोंदीचे परिणाम मात्र खरे असतात. मार्ग शोधून देणाऱ्या काही प्रणालींत पाण्यातल्या वाटा टाळण्याची सोय असते. फरशीला तसा शिक्का मारला तर कोरड्या दिवसांतही रुग्णवाहिका लांबच्या रस्त्याने पाठवली जाऊ शकते. पूल म्हटले तर भर लोंढ्यात तिला तिकडेच धाडले जाईल.

आणखी एक पाचर आहे. राज्यमार्ग किंवा मोठा जिल्हामार्ग नकाशात प्राथमिक किंवा दुय्यम दर्जाचा नोंदवला असेल, तर तिसरे बटण येतच नाही. साधनाच्या आज्ञावलीत रस्त्यांची एक यादी आहे, द्रुतगती मार्गापासून दुय्यम रस्त्यापर्यंत, आणि या दर्जाच्या रस्त्यावर पाण्यातली वाट सुचवायची नाही असा नियम आहे. यादी करणाऱ्याचा हेतू समजू शकतो. नवख्याने सटासट बटणे दाबत मोठमोठे रस्ते पाण्यात बुडवू नयेत, एवढाच तो असणार. पण त्याच्या डोळ्यांसमोरचा दुय्यम रस्ता युरोप-अमेरिकेतला दिसतो. फरशीवरून जाणारा आपला रस्ता त्या यादीच्या लेखी संभवतच नाही.

मग तक्रार का करत नाहीत? करता येते. आयडीच्या तक्रारी गिटहबवर घेतल्या जातात, तिथले क्रमांक दहा हजारांच्या पुढे गेले आहेत. वस्तूंचे साचे, म्हणजे विहीर, शाळा, तळे वगैरेंची तयार यादी, २०२० च्या सुमारास वेगळ्या भांडारात हलवली. साच्याबद्दल काही म्हणायचे तर तिकडे जायचे. एखादा साचा एकाच देशात दिसेल अशीही व्यवस्था तिथे आहे, त्यामुळे शेततळ्याचा भारतापुरता साचा अशक्य नाही. प्लास्टिक अंथरलेले चौकोनी शेततळे वरून पाहणाऱ्याला पोहण्याचा तलाव वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? भाषांतराची दुरुस्ती तिसरीकडेच: साधनातली वाक्ये ट्रान्सिफेक्सवर, संकेतस्थळाची ट्रान्सलेटविकीवर. म्हणजे फरशीबद्दल एक वाक्य बोलायचे तर आधी ते कुठल्या दारात बोलायचे हे ठाऊक हवे, मग खाते हवे, मग इंग्रजी हवे, आणि इंग्रजीत फरशी समजावून सांगण्याचा दम हवा. पाणी आले की एसटी नेमकी कुठे थांबते हे ज्याला पक्के माहीत, तो या रांगेत उभा राहण्याची शक्यता फार कमी.

न बोललेली तक्रारही नोंदली जाते, हे मला उशिरा कळले. काम जतन करताना आयडी त्या नोंदसंचासोबत काही गोष्टी आपणहून जोडते: पडद्याची भाषा कोणती होती, कुठले उपग्रह-चित्र वापरले, कुठल्या प्रकारचे किती इशारे दुर्लक्षून पुढे गेलात आणि किती सोडवलेत. रस्ता-ओढा छेदाचे इशारे वेगळे मोजले जातात. एखाद्या भागात लोक सातत्याने तोच त्रिकोण ओलांडून पुढे जात असतील, तर तिथे प्रश्नच चुकीचा विचारला जातोय हे या आकड्यांवरून ओळखता यावे. मात्र ते कुणीतरी बसून चाळायला हवेत.

ते ‘कुणीतरी’ हाच मोठा पेच. जगभरातून वापरल्या जाणाऱ्या या साधनाची देखभाल एक-दोन माणसांवर चालत आली आहे. जुने विकासक बाजूला झाल्यावर मधला काळ ओढाताणीचा गेला. २०२२ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने मार्टिन रायफर यांना या कामावर नेमले. त्याआधी २०१९ च्या इशाऱ्यांवरून चांगलीच भांडणे झाली होती. साधन सुचवते तेच लोक आंधळेपणाने करतात, तेव्हा काय सुचवायचे हे दोन-तीन विकासकांनी ठरवावे की सगळ्यांनी मिळून, हा वाद होता. तो इतका ताणला गेला की फाउंडेशनला असे तंटे सोडवण्यासाठी वेगळे मंडळ करावे लागले. एकाचे ऐकले की दुसरा दुखावतो. दुय्यम रस्त्यांना उद्या तिसरे बटण दिले तर आपली सोय होईल, आणि जिथे अशा रस्त्यावर फरशी नावालाही नाही तिथले राखणदार चुकीचे शिक्के पुसत बसतील.

फरशीसाठी खरी नोंद नाही असेही नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या नोंदपद्धतीत ‘लो वॉटर क्रॉसिंग’ हा पुलाचाच एक प्रकार आहे, आणि पाणी चढणाऱ्या जागेसाठी ‘फ्लड प्रोन’ ही वेगळी खूणही. दोन्ही मिळून आपली फरशी बरोबर सांगतात. पण इलाजाच्या बटणांत त्या नाहीत. रस्ता फरशीच्या दोन्ही टोकांना हाताने तोडायचा, मधला तुकडा निवडायचा, सगळ्यात खालची तक्त्यासारखी जागा उघडून हे इंग्रजी शब्द अक्षर न चुकता टंकायचे, थर द्यायचा, ओढा बारमाही नाही हे त्याच्या रकान्यात सांगायचे. मग त्रिकोण जातो. शेरा मराठीत लिहिता येतो: फरशी आहे, जोराचा पाऊस झाल्यावर बंद. त्याखाली तपासणीची ती चौकट असते. तिच्यावर खूण केली तर तपासणारा बेंगळुरूत असेल किंवा जर्मनीत, आणि त्याच्यासमोर उघडेल ते उन्हाळ्यातले चित्रच, ज्यात पाण्याचा थेंब नाही.