उंदरांची लस आणि पुरुषांचे झाकलेले दुखणे

कोंबड्यांना मानमोडीची लस टोचतात, गुरांना घटसर्पाची. रोग येण्यापूर्वी शरीराला शत्रूची ओळख करून द्यावयाची, हे तत्त्व शेतकरी बंधूंना नवे नाही. मग कॅन्सरवर अशी लस का नसावी? अडचण अशी की, कॅन्सरच्या पेशी बाहेरून येत नाहीत. त्या आपल्याच शरीरात बिघडतात, आणि घरच्या चोरावर राखणीचा कुत्रा भुंकत नाही.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या कॅन्सरवर डीएनए लसीचे प्रयोग झाले आहेत. डीएनए म्हणजे पेशीला प्रथिने कशी बनवावीत हे सांगणारा आज्ञालेख. १९९० साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जॉन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला तरी तेथील पेशी त्याबरहुकूम प्रथिन बनवितात. तेव्हा कॅन्सरपेशींवर विपुल आढळणाऱ्या प्रथिनाचा आज्ञालेख टोचावा, म्हणजे शरीराच्या रक्षक पेशी त्या प्रथिनाला शत्रू मानू लागतील, असा विचार पुढे आला.

उंदरांना हा कॅन्सर सहसा आपोआप होत नाही. म्हणून ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात नॉर्मन ग्रीनबर्ग यांनी तो हमखास होणारी 'ट्रॅम्प' नावाची उंदरांची जात तयार केली. ती १९९५ साली जाहीर झाली. याच जातीच्या आठ आठवड्यांच्या उंदरांना दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्टिन कास्ट यांच्या गटाने प्रथम डीएनए आणि नंतर विषाणूवर बेतलेली दुसरी मात्रा दिली. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला. लस दिलेल्यांपैकी ९० टक्के उंदीर वर्षाचे होईपर्यंत जगले. लस न मिळालेले एकतर मेले, नाहीतर मोठ्या गाठींनी ग्रासले.

मग माणसाचे काय? विस्कॉन्सिन येथेच डग्लस मॅक्नील यांनी उपचारानंतर रोग पुन्हा डोके वर काढू लागलेल्या ९९ पुरुषांवर दुसऱ्या एका डीएनए लसीची चाचणी घेतली. २०१९ सालचा निकाल असा : दोन वर्षांत रोग इतरत्र पसरण्याच्या प्रमाणात लसीमुळे विशेष फरक पडला नाही.

यात नवल नाही. प्रयोगक्षेत्रावर डोलणारे बियाणे आपल्या माळावर तसेच येईल असे नसते. शिवाय उंदरांना लस मिळाली ती रोगाचा नुसता कोंब दिसत असताना. माणसाला रोग कळतो तो बहुधा उशिरा.

डीएनए लस ही भाकडकथा नव्हे. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या कोविडवरील डीएनए लसीला २०२१ साली भारतात मंजुरी मिळाली. माणसांसाठी मंजूर झालेली ती जगातील पहिलीच. पण प्रोस्टेट कॅन्सरवर अशी मंजूर लस अद्याप नाही. कोणी विकू लागल्यास त्यापायी जमीन गहाण टाकू नये.

उंदरांनी शिकविले ते वेळेचे महत्त्व. रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवीत रक्त दिसणे, हे पुष्कळजण लाजेने झाकून ठेवतात. बहुतेकदा कारण ग्रंथीची साधी वाढ असते. परंतु तो निवाडा डॉक्टरांनी करावयाचा. कॅन्सर तर आरंभी काहीच लक्षण दाखवीत नाही. म्हणून पन्नाशी उलटलेल्यांनी, आणि वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असल्यास त्याआधीच, पीएसए या रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. बैल लंगडू लागला तर आपण त्याच दिवशी ढोरांच्या डॉक्टरांना गाठतो. आपल्या देहाचीही तेवढी कदर करावी, एवढेच आमचे सांगणे.