चोर लपवतो, चाहता मिरवतो

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. तो कॅमेरा घडवणारे बाबूराव पेंटर हे मूळचे नाटककंपन्यांचे पडदे रंगवणारे. फाळक्यांच्या चित्रपटांनी भारावलेले बाबूराव आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव पेंटर यांनी सिनेमा दाखवायचं यंत्र मिळवलं, त्याची उस्तवार समजून घेतली आणि त्यावरून चित्रीकरणाचा कॅमेरा घडवायच्या मागे लागले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून पुरं केलं. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला, आणि त्याच कंपनीत तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालचा पहिला मराठी बोलपट. त्याची कथा फाळक्यांनी १९१३ मध्ये पडद्यावर आणलेल्या राजा हरिश्चंद्राचीच. त्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागली नाही, कारण हरिश्चंद्र कोणाच्या मालकीचा नव्हता. पुराणं सगळ्यांची होती. कोल्हापूरच्या सिनेमाची पायाभरणी म्हणजे एका भारावलेल्या प्रेक्षकाने ‘हे मलाही करायचंय’ असं म्हणणं, आणि त्याच्या हाताशी बिनमालकीच्या गोष्टींचा भरपूर साठा असणं.

गेल्या पन्नास वर्षांत हा साठा बदलला. आजच्या पोराला विराटपर्वातला कीचक सांगावा लागतो, ‘शोले’तला गब्बर सांगावा लागत नाही. पण कीचकाला मालक नाही आणि गब्बरला आहे. मालेगावचं उदाहरण इथेच कामाला येतं. मालेगाव आपल्या इचलकरंजीसारखंच यंत्रमागाचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास गावातल्याच माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. गब्बरचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली. घोडे परवडणारे नव्हते म्हणून डाकू सायकलींवर आले, आगगाडीच्या जागी बस लुटली गेली. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. काडीपैलवान बांध्याचा, माग चालवणारा तरुण त्यात तंबाखू-गुटख्याच्या खलनायकाशी भिडतो. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा त्याच माणसांवरचा चित्रपट २०२५ मध्ये थिएटरांत लागला. कौतुक झालं, बक्षिसं मिळाली. पण कायद्याच्या चष्म्यातून पाहिलं तर रबरसिंग गुन्हेगारच निघतो, आणि तो का निघतो हे पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडे नक्कल ओळखायची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात घालून दिली. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक होतं. १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचललाय, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. कल्पनेवर, विषयावर, ऐतिहासिक किंवा पौराणिक कथेवर कोणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो ती कशी मांडली यावर, असं न्यायालय म्हणालं. मग नक्कल झाली की नाही हे ठरवायचं कसं? दोन्ही कृती पाहिलेल्या प्रेक्षकाला ‘ही मूळ कृतीची नक्कल आहे’ असं निःशंक वाटलं, तर ती नक्कल. कसोटी शहाणपणाची आहे. पण ती बेतली आहे चोरासाठी. चोर माल उचलतो, रंग बदलतो, नंबरप्लेट बदलतो, आणि न्यायालयाला तरीही ओळखायचं असतं की गाडी कोणाची. चाहत्याच्या चित्रपटाला हीच फूटपट्टी लावली की सगळं उलटं होतं. ‘मालेगाव के शोले’ पाहणाऱ्याला मूळ शोले आठवला नाही तर तो चित्रपट फसला! ओळख पटणं हाच त्याचा सगळा आनंद. म्हणजे जो हातचलाखीने कथानक फिरवतो तो या कसोटीतून सुटू शकतो, आणि जो उघडपणे ‘हे त्यांचं आहे, मला फार आवडतं’ असं सांगतो तो हमखास सापडतो. माझी तक्रार एवढीच आहे: चोर पकडायला केलेल्या जाळ्यात चोरापेक्षा चाहता जास्त खात्रीने अडकतो.

याच्या पुढची गंमत कलम ५२ मध्ये आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं हे कलम रास्त वापराला मोकळीक देतं: खासगी उपयोग, अभ्यास, टीका-परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या कलमाला चांगला ऐसपैस अर्थ दिला. तोप्पिल भासी यांच्या १९५२ च्या गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकाला सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहून उत्तर दिलं. त्यात मूळ पात्रं घेतली, संवादही घेतले. न्यायालयाने पाहिलं ते तीन गोष्टींकडे: किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि त्यामुळे मूळ नाटकाचा प्रेक्षक पळवला जाईल का. चंद्रन यांनी घेतलं ते टीका करण्यासाठी, म्हणून ते सुटले. निकाल योग्यच. पण त्याची दुसरी बाजू बघा. एखाद्या चित्रपटाची पात्रं घेऊन त्याच्यावर झोड उठवलीत तर कायदा तुमच्या पाठीशी उभा राहू शकतो. तीच पात्रं घेऊन नुसतं प्रेम केलंत तर तुमच्यासाठी या कलमात कुठलाच खण नाही. आणि हे नुसत्या नुकसानभरपाईचं प्रकरण नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायाधीश कारणं देऊन शिक्षा कमी करू शकतात, पण तो शेवटचा टप्पा झाला. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो पोकळ नाही. चाहता-चाहता म्हणत कोणी दुकान थाटलं तर? अमेरिकेत नेमकं असंच घडलं. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘ॲक्झनार’ या चित्रपटासाठी लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली, स्टुडिओ घेतला, व्यावसायिक नट घेतले. पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी २०१५ च्या डिसेंबर अखेरीस दावा लावला. वाद इतका पेटला की मालिकेसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेवर तरी कोणाची मालकी असू शकते का, हे सांगायला एक भाषाप्रेमी संस्था मध्ये पडली, आणि तिने निवेदनात क्लिंगॉन वाक्यंही घातली. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी रास्त वापराचा बचाव नाकारला, मग तडजोड झाली. कंपन्यांनी मधल्या काळात, जून २०१६ मध्ये, चाहत्यांसाठी नियम काढले होते: एक कथा पंधरा मिनिटांची, फार तर दोन भागांत अर्ध्या तासाची; वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत; कोणाला मानधन नाही. आणि बाजारात मिळणारे गणवेश वापरायचे असतील तर ते अधिकृतच हवेत! शेवटची अट वाचली की नियम कोणी लिहिलेत ते कळतं. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी: ॲक्झनारवाले सायकलीवरचे डाकू नव्हते. आपल्याकडे रामगोपाल वर्मांनी शोले पुन्हा काढला तेव्हाही नुसत्या उघडपणाने काही भागलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दहा लाख रुपये भरायला लावले, आणि ते बरोबरच होतं, कारण तो चित्रपट त्याच बाजारात, त्याच तिकीटबारीवर मूळ शोलेचं नाव खात होता. म्हणून मिरवणं पुरेसं नाही. केरळच्या न्यायालयाचा तिसरा प्रश्न खरा: या चित्रपटामुळे मूळ चित्रपटाचं एक तरी तिकीट कमी खपलं का? रबरसिंगमुळे मूळ शोले काढणाऱ्या सिप्पींचं एकही तिकीट कमी झालं नसेल. कलम ५२ मध्ये एका पोटकलमाची भर घालून हे सांगता येईल: फुकट किंवा जेमतेम खर्चापुरतं दाखवलेलं, मूळ कृतीचं नाव घेणारं, मूळ फीत कापून न चिकटवलेलं आणि ‘अनधिकृत’ असं स्पष्ट लिहिलेलं काम उल्लंघन धरू नये. मूळ कलाकाराची अब्रू जाईल अशी भीती असेल, तर लेखकाच्या नावलौकिकासाठी कलम ५७ आहेच.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. कंपन्या अशा बारक्या लोकांच्या वाटेला जातात कुठे? मग उगाच कायद्याला हात कशाला? जातात, कधीकधी. २००७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या दुर्गापूजा मंडळाने हॅरी पॉटरच्या शाळेचा मंडप उभारला, तर वॉर्नर ब्रदर्स आणि लेखिका रोलिंग यांच्या वतीने वीस लाखांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात आला. न्यायालयाने सण होईपर्यंत मंडप राहू दिला, पुढे मात्र परवानगीशिवाय नाही. गणपतीत कोल्हापूरच्या पेठांतून फिरताना हा निकाल आठवावा. सजीव देखाव्यात अफझलखानाचा वध केला तर प्रश्न नाही. तोच रंगकर्मी, तेच बांबू आणि तेच थर्माकोल घेऊन ‘बाहुबली’चा महाल उभा केला की मंडळ दुसऱ्याच्या मेहरबानीवर उभं राहतं. मेहरबानी आणि हक्क यांत फरक असतो, आणि तो मेहरबानी संपते त्या दिवशी कळतो. शिवाय आता मेहरबानी करायला माणूसही उरलेला नाही. मोबाइलवर चित्रित केलेली पाच मिनिटांची नक्कल यूट्यूबवर चढवली की पार्श्वसंगीत यंत्रच ओळखतं, दावा यंत्रच टाकतं. वर हक्कदाराच्या कॉपीराइटच्या तीन रीतसर तक्रारी नव्वद दिवसांत जमल्या की अख्खं चॅनेल जाऊ शकतं. यंत्राला बाजार कळत नाही, प्रेमही कळत नाही; त्याला सूर जुळलेला कळतो.

उरतो सगळ्यात सभ्य आक्षेप: थांबा की! कॉपीराइट काही कायमचा नसतो. चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतर साठ वर्षं. शोले १९७५ चा, म्हणजे २०३६ उजाडताच मोकळा. हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून घरचंच एक उदाहरण तपासू. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ १९६५ चा. कोल्हापूरच्या मातीतला, लोहार नवरा-बायकोची गोष्ट सांगणारा. चित्रपट म्हणून त्याची मुदत २०२५ अखेर भरते. पण चित्रपटाच्या पोटात आणखी हक्क असतात, आणि त्यांची घड्याळं वेगळी चालतात. कथा-संवादांची मुदत ते लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, गीताची गीतकाराच्या, चालीची संगीतकाराच्या. हक्क कोणाकडे गेले याने या मोजणीत फरक पडत नाही. गीतकार जगदीश खेबूडकर २०११ मध्ये गेले. संगीत आनंदघन, म्हणजे लता मंगेशकरांचं. त्या २०२२ मध्ये गेल्या. तेव्हा कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या एखाद्या शाळकरी पोराला या चित्रपटातलं लोहाराच्या भात्याजवळचं गाणं मित्रांना घेऊन मोबाइलवर पुन्हा उभं करायचं असेल, तर ऐरण मोकळी आहे, भाता मोकळा आहे, कॅमेऱ्याची चौकटही मोकळी आहे. शब्द मात्र २०७१ अखेरपर्यंत बांधलेले आहेत आणि चाल २०८२ अखेरपर्यंत. तोवर तो पोरगा पासष्टीच्या पुढे गेलेला असेल.