पवनचक्की : शंका किती, सत्य किती?

देवासजवळच्या टेकड्यांवर, सौंदत्तीच्या माळावर, कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत, किंवा साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर उभ्या असलेल्या पांढऱ्या पवनचक्क्यांच्या रांगा आता प्रवाशांच्या चांगल्याच परिचयाच्या झाल्या आहेत. आपल्या देशात वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्यांचे पहिले समूह १९८६ साली रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन येथे उभे राहिले. त्या वेळचे एकेक यंत्र ५५ किलोवॉटचे होते. आज ३,००० किलोवॉटच्या यंत्राचेही कोणास नवल वाटत नाही, आणि २०२५ च्या मार्चअखेर देशाची एकूण पवनविद्युत्‌क्षमता ५०,००० मेगावॉटच्या पुढे गेली आहे.

परिचय वाढला, तरी शंका मिटलेल्या नाहीत. त्यांपैकी काही केवळ यंत्राची रचना ठाऊक नसल्याने निघतात. काही मात्र अनुभवातून आलेल्या आहेत. या दोहोंची गल्लत उभय पक्षी होते. यंत्राचे कैवारी प्रत्येक शंकेस अडाणीपणा म्हणून झटकून टाकतात, आणि विरोधक प्रत्येक अफवेस पुरावा मानतात. ज्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर उद्या कंपनीचा माणूस करारनामा घेऊन येईल, त्यांना ही गल्लत परवडणारी नाही. म्हणून घरोघर निघणारे प्रश्न एकेक करून येथे तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

वारा असूनही चक्की स्तब्ध का?

दिवाळीसाठी गावाकडे जाणारी मंडळी गाडीच्या खिडकीतून हमखास म्हणतात, “पाहा, निम्म्या बंदच पडल्या आहेत!” याचे पहिले उत्तर पंचांगात आहे. आपल्याकडे पवनविद्युतेचे खरे पीक मे ते सप्टेंबर या नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात निघते. दिवाळीच्या सुमारास वारा पडलेला असतो.

दुसरे उत्तर गणिताचे आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. उलट वेग निम्म्यावर आला की ती एक-अष्टमांश उरते. आपल्या गालाला सुखद वाटणारी झुळूक यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ रिकामी असते. सेकंदाला सुमारे ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर वेग असल्याखेरीज बहुतेक यंत्रे वीज देऊ लागत नाहीत. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ती पूर्ण क्षमतेस पोहोचतात.

तिसरे उत्तर अनेकांस अनपेक्षित वाटेल. वाऱ्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या घरात गेला की यंत्र आपण होऊन थांबते. पाती आपल्या आसाभोवती वळतात, वाऱ्याकडे कड करून उभी राहतात, आणि तुफान त्यांच्या बाजूने निघून जाते. त्याच आठपटीच्या हिशेबाने वादळात जी शक्ती येते, ती पेलण्याजोगे यंत्र बांधू म्हटल्यास त्याचा खर्च वर्षातील त्या मोजक्या तासांच्या विजेतून कधीच निघणार नाही. याखेरीज दुरुस्तीसाठी, किंवा वीजवाहिन्यांवर भार अधिक झाल्यास वरून आलेल्या सूचनेमुळेही यंत्र थांबविले जाते. तेव्हा स्तब्ध चक्की म्हणजे बिघडलेली चक्की, असे समजण्याचे कारण नाही.

तीनच पाती का?

अधिक पाती लावली तर अधिक वारा सापडेल, हा तर्क स्वाभाविक आहे. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी १८८८ साली उभारलेल्या चक्कीला तब्बल १४४ पाती होती. चक्राचा व्यास १७ मीटर, आणि वीज १२ किलोवॉट! पुढे डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर यांनी १८९१ पासून आस्कोव्ह येथे प्रयोग करून दाखविले, की वीजनिर्मितीसाठी थोडी पण वेगाने फिरणारी पातीच सरस. त्याच देशात योहानेस यूल यांनी १९५७ साली गेडसर येथे तीन पात्यांचे, २४ मीटर व्यासाचे, २०० किलोवॉटचे यंत्र उभारले. ब्रश यांच्या चक्राच्या दुप्पट क्षेत्रफळात सोळापटींहून अधिक क्षमता! हे श्रेय सर्वस्वी पात्यांच्या संख्येचे नव्हे. त्यांच्या आकाराचाही त्यात मोठा वाटा होता. वारा आधुनिक पात्याला नुसता ढकलत नाही. विमानाच्या पंखाला जशी उचल मिळते, तशी ती या पात्याला मिळते.

पाती दाटीने लावली तर वाऱ्याला भिंत आडवी येते आणि तो चक्राला वळसा घालून जातो. वारा सर्वच्या सर्व पकडणेही अशक्य आहे, कारण शक्ती काढून घेतल्यावर हवेने पुढे सरकले पाहिजे. ती तेथेच थांबली तर मागून येणाऱ्या हवेला वाट कोठून मिळणार? जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० च्या सुमारास सिद्ध केले, की वाऱ्यातील शक्तीचा ५९.३ टक्क्यांहून अधिक भाग कोणत्याही चक्राला काढता येणार नाही. आजची उत्तम यंत्रे अनुकूल वाऱ्यात ४५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतात.

मग दोनच पाती का नकोत? दोन पात्यांचे चक्र उभे असताना एक पाते वरच्या जोरकस वाऱ्यात, तर दुसरे खाली मनोऱ्यासमोर असते; आडवे होताच भार समान होतो. या सततच्या चढउताराने यंत्राला हिसके बसतात. जर्मनीने १९८३ साली उभारलेले ‘ग्रोव्हियान’ हे ३,००० किलोवॉटचे दोन पात्यांचे महायंत्र अशा ताणांपुढे टिकले नाही; थोड्याच वर्षांत ते उतरवावे लागले. तीन पात्यांत भार सारखा वाटला जातो. चौथ्याने खर्च वाढतो, लाभ मात्र नाममात्र.

पाती संथ फिरतात, हाही दृष्टिभ्रमच आहे. ६० मीटर लांबीचे पाते मिनिटाला १२ फेरे घेते, तेव्हा त्याचे टोक ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने धावत असते. याहून फार वेग दिल्यास आवाज वाढतो, आणि पावसाचे थेंबच पात्याची कड झिजवू लागतात. उंच मनोऱ्याचे कारणही याच गणितात आहे. जमिनीलगत झाडे, घरे आणि चढउतार वाऱ्याला अडवितात. वर तो जोरकस आणि एकसारखा असतो.

पवनचक्क्या पाऊस पळवितात काय?

या शतकाच्या आरंभीच्या अवर्षणात सातारा-सांगलीकडे ही समजूत फार पसरली होती, आणि अद्यापि ती अधूनमधून डोके वर काढते. ज्याची विहीर आटली आहे आणि ज्याच्या समोरच्या डोंगरावर कालपरवाच एक अनोळखी यंत्र फिरू लागले आहे, त्याने त्या दोहोंचा संबंध जोडला तर त्याला हसणे योग्य नव्हे. परंतु संबंध खरा आहे काय, हे पाहिलेच पाहिजे.

पाऊस देणारा ढग कित्येक किलोमीटर जाडीचा असतो. पवनचक्की जमिनीपासून दोनशे-अडीचशे मीटरपर्यंतच्या हवेला स्पर्श करते, आणि तीतूनही शक्तीचा काही अंशच घेते. चक्रामागे मंदावलेला वारा काही किलोमीटरांत भोवतालच्या हवेत मिसळून पूर्ववत होतो. पाती जमिनीलगतची हवा ढवळतात, त्यामुळे रात्रीच्या तपमानात स्थानिक फरक पडतो, हे अमेरिकेतील टेक्सस राज्यातील उपग्रह-निरीक्षणांवरून २०१२ साली दाखविण्यात आले. परंतु मोसमी ढग परतविणे ही गोष्ट निराळी.

खरे कारण भूगोलात आहे. महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस शंभरएक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. सह्याद्रीची ही पर्जन्यछाया अतिप्राचीन आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ दख्खनने भोगला, तेव्हा या डोंगरांवर यंत्रे नव्हती. जेथे घाट ओलांडून वारा सुसाट येतो, पण ढग आधीच रिते झालेले असतात, नेमक्या त्याच कडांवर चक्क्या उभ्या केल्या जातात. दुष्काळ चक्कीमागून आला नाही; चक्कीच दुष्काळी माळावर आली.

ज्या तक्रारी खऱ्या आहेत

आता दुसरी बाजू. पात्यांचा ‘सूं सूं’ असा आवाज होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही शे मीटरांवर तो दिवसा गावगाड्याच्या कोलाहलात बुडून जातो. परंतु रात्री खाली हवा निश्चल आणि वर वारा वाहता असला, म्हणजे तो स्पष्ट जाणवतो आणि काहींची झोप मोडतो. सकाळ-संध्याकाळ फिरत्या पात्यांची सावली घरावरून लपलपत जाते. ती कोणत्या घरावर, कोणत्या महिन्यात, किती वेळ पडेल याचे गणित आधी मांडता येते. म्हणजेच हा यंत्राचा अटळ दोष नसून जागा निवडण्याचा प्रश्न आहे.

पक्ष्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले, आणि त्यांचे भय सरल्याने सरड्यांची संख्या वाढलेली दिसली. माळढोकासारख्या जड पक्ष्याला तर पात्यांपेक्षा वीज वाहून नेणाऱ्या तारांचा धोका अधिक. समोरचे त्याला नीट दिसत नाही, आणि ऐनवेळी वळताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर २०२१ पासून राजस्थान व गुजरातेतील या तारांचा प्रश्न गाजला तो याचमुळे.

तिसरा प्रश्न यंत्राच्या अंताचा. यंत्राचे आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचे. ते घडविण्यास लागलेली ऊर्जा सामान्यतः वर्षभराच्या आतच भरून निघते, म्हणून ‘देते त्याहून खाते अधिक’ हा आक्षेप टिकत नाही. मनोऱ्याचे पोलादही वितळवून पुन्हा वापरता येते. परंतु पाती काचतंतू आणि राळ यांच्या एकजीव मिश्रणाची असतात; ती सुटी करणे कठीण. काही सिमेंटच्या भट्ट्यांत जाळली जातात, पुष्कळशी जमिनीत पुरली जातात.

आणि सर्वांत बोचणारा प्रश्न : “चक्की आमच्या माळावर, मग अंधार आमच्याच गावात का?” चक्कीची वीज जवळच्या उपकेंद्रातून सामाईक वाहिन्यांत जाते, गावाला वीज मिळते ती वितरण व्यवस्थेच्या वेळापत्रकाप्रमाणे. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर बरोबर आहे. न्यायदृष्ट्या ते पुरेसे नाही, असे आम्हांस वाटते.

सही करण्यापूर्वी

आपल्यापैकी पुष्कळांची जमीन अद्याप गावी आहे आणि बिऱ्हाड शहरात. खसरा असो वा पहाणी, उताऱ्यावर भाऊबंदांची नावे सामाईक असतात. करारनामा बहुधा इंग्रजी, कन्नड वा गुजराती भाषेत असतो. घरातील वडीलधाऱ्यांना तो वाचता येत नाही आणि धाकट्यांना सवड नसते. म्हणून काही गोष्टी विचारून, कागदावर उतरवून घ्याव्यात : घरापासूनचे अंतर किती, आवाजाचे आणि सावलीचे गणित मांडले आहे काय, भाड्यात दरवर्षी वाढ किती, रस्त्याने आणि तारांनी आणखी किती जमीन अडेल, पावसाच्या पाण्याची वाट बुजणार नाही ना, आणि मुदत संपल्यावर मनोरा, पाती व जमिनीतील काँक्रीट कोणी, कोणाच्या खर्चाने काढावयाचे. हा शेवटचा प्रश्न बहुधा विसरला जातो. त्याचे उत्तर मुलानातवंडांना द्यावे लागते. सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीखेरीज सही करू नये, आणि आपल्याला वाचता येईल अशा भाषेतील प्रत वकिलाकडून तपासून घेतल्यावाचून तर मुळीच नाही.

वाऱ्यापासून मिळणाऱ्या विजेला कोळसा लागत नाही आणि तिचा धूरही होत नाही. तिची देशाला गरज आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. यंत्राच्या रचनेत शंभर वर्षांचा विचार ओतलेला आहे. तेवढाच विचार ते कोठे उभे करावे आणि कोणत्या अटींवर, यासाठीही झाला पाहिजे. आणि तो करण्याचे काम एकट्या इंजिनियरांचे नाही, ते जमिनीच्या धन्याचेही आहे.