अ‍ॅस्टरिक्सला सेवेतून काढू नका

27 फेब्रुवारी 2014 रोजी हवाई बेटांपासून शेकडो किलोमीटरवर, भर समुद्रात, कॅनडाच्या ‘प्रोटेक्टर’ या जहाजाच्या इंजिनघरात आग भडकली. नौसैनिकांनी अकरा तास झुंजून ती विझवली. पण 1969 पासून युद्धनौकांना तेल, पाणी, दारूगोळा पोचवणारे ते जहाज पुन्हा कामावर आलेच नाही. अमेरिकी नौदलाने ते ओढत पर्ल हार्बरला नेले. त्याच्या जोडीचे ‘प्रिझर्व्हर’ गंजाने पोखरले होते. सप्टेंबरात दोन्ही जहाजे निवृत्त करण्याची घोषणा झाली.

तीन महासागरांचा किनारा असलेल्या देशाला मग 2015 मध्ये चिलीचे आणि स्पेनचे जहाज काही दिवसांसाठी मागून घ्यावे लागले.

ही पोकळी भरली ती ‘अ‍ॅस्टरिक्स’ने. मुळात हे कंटेनर वाहणारे व्यापारी जहाज. क्वेबेकजवळच्या लेव्ही येथील डेव्ही गोदीत त्याचा कायापालट झाला आणि जानेवारी 2018 मध्ये ते भाडेकराराने सेवेत आले. जहाज चालवतात बिगरलष्करी खलाशी. पुरवठ्याच्या कामाला नौदलाची माणसे असतात. हेलिकॉप्टरसाठी डेक आहे, रुग्णालयही आहे.

समुद्रात तेल भरणे ही जिकिरीची कसरत असते. दोन जहाजे एकाच वेगाने, जेमतेम चाळीस-पन्नास मीटर अंतर राखून समांतर चालतात. आधी बारीक दोर फेकला जातो, त्यामागून जाड तारदोर जातो आणि तारेवरून तेलाची नळी सरकते. रंगीत खुणांचा आणखी एक दोर अंतर दाखवत राहतो, कारण मधले पाणी दोन्ही जहाजांना एकमेकांकडे ओढत असते. सुकाणूवरच्या माणसाला क्षणभरही नजर हटवता येत नाही. आपल्याकडे मुंबईत ज्याचा नौदलात दाखल होण्याचा समारंभ 2011 मध्ये झाला, ते ‘दीपक’ हेच काम करते.

अ‍ॅस्टरिक्सभोवती राजकारणही पुष्कळ झाले. या कराराची गोपनीय माहिती फोडल्याचा आरोप व्हाइस अ‍ॅडमिरल मार्क नॉर्मन यांच्यावर ठेवला गेला. मे 2019 मध्ये खटला थांबला आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने एकमताने त्यांची माफी मागितली.

आता व्हँकुव्हरच्या सीस्पॅन गोदीत दोन नवी जहाजे बांधली जात आहेत. पहिल्याचे जलावतरण डिसेंबर 2024 मध्ये झाले. ती आली की अ‍ॅस्टरिक्सवरचा खर्च थांबवावा, असा सूर निघतो. युद्धाचे तडाखे सोसण्यासाठी हे जहाज मुळात बांधलेले नाही, हा आक्षेप खराच आहे. पण हिशेब पाहा: हॅलिफॅक्स आणि एस्क्विमॉल्ट असे दोन किनाऱ्यांवर दोन तळ, आणि जहाजे दोनच. एक दुरुस्तीला गोदीत शिरले की तो किनारा उघडा पडतो. 1998 पर्यंत कॅनडाकडे अशी तीन जहाजे होती, ती उगाच नव्हती.

संसदेच्या अंदाजपत्रक अधिकाऱ्याने 2020 मध्ये नव्या दोन जहाजांचा खर्च 4.1 अब्ज डॉलर काढला, तर अ‍ॅस्टरिक्स विकत घेण्याचा 63 कोटी 30 लाख. कॅनडाच्या खासदारांनी हे आकडे समोर ठेवून पुढच्या अर्थसंकल्पात अ‍ॅस्टरिक्सची तरतूद कायम ठेवावी, आणि नवी दोन्ही जहाजे चाचण्या संपवून नियमित फेऱ्या करू लागेपर्यंत तिला हात लावू नये.